साठ घरांचा दोरा

नाताळच्या अंकासाठी काही लिहा म्हणून आमच्या पॅरिशची तरुण मंडळी दोन वर्षं माझ्या मागे होती. गेल्या वर्षी मी नाही म्हटलं, कारण जे लिहायचं ते कमळला विचारल्याशिवाय लिहिता येत नव्हतं. यंदा विचारलं. ती म्हणाली, "लिव. माजा नाव पन लिव." म्हणून लिहितेय. मी चौथीपर्यंत शिकले आहे. शुद्धलेखन संपादकांनी सुधारावं, आकडे सुधारू नयेत.

मी एकतीस वर्षं मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत नोकरी केली, उत्तनहून रोज जाऊन-येऊन. प्रवासाचं लिहीत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. गावात कोणी विचारलं काय काम करतं, तर मी सांगायचे, काचेत बघते. काय बघतं? रेघा. त्यापुढे कोणी विचारत नसे. आईला शेवटपर्यंत वाटत होतं की मी काचा पुसते. पहिली तीन वर्षं ते खरंही होतं.

रेघा कसल्या ते आधी सांगते. आकाशातून सतत कण येत असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, लागत नाहीत. ते आपल्या सूर्याच्याही पलीकडून येतात, फुटलेल्या ताऱ्यांपासून, असं साहेब लोक सांगायचे. खाली येईपर्यंत हवेवर आपटून त्यांचे तुकडे होतात, म्हणून मूळ कण बघायचा तर हवेच्या वर जावं लागतं. त्यासाठी दक्षिणेत एका मैदानातून प्लॅस्टिकचा मोठा फुगा सोडत. फुग्याखाली थर्माकोलचं खोकं आणि खोक्यात फोटोच्या मसाल्याच्या जाड वड्या, एकावर एक रचलेल्या. कण त्या वड्यांतून आरपार गेला की मसाल्यात त्याची वाट उमटते. फुगा फोडला की खोकं छत्रीने खाली यायचं. कुठे येईल याचा नेम नसायचा. एकदा ते शोधत माणसं गेली, तर एका शेतकऱ्याने वड्यांची पेटी नीट बाजूला ठेवून थर्माकोलमध्ये कोंबड्या बसवल्या होत्या. कोंबड्या उठेनात. साहेबांनी पेटी घेतली आणि खोकं त्यांना सोडून दिलं.

वड्या काचेवर चिकटवून काळोख्या खोलीत थंड पाण्यात दिवसचे दिवस धुवाव्या लागत. घाई केली की मसाला सुटून येतो. हे धुण्याचं काम माझं. धुतलेली काच आम्ही प्लेट म्हणायचो. प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवली की करड्या मसाल्यात काळ्या रेघा दिसतात. त्या शोधून वहीत लिहायला एक खोली भरून बायका होत्या. सगळ्या मॅट्रिक झालेल्या. त्यांच्यावर सबनीसबाई. दादरच्या, नऊवारी नाही पण आवाज नऊवारीचा.

एक दिवस मी धुतलेल्या प्लेटा द्यायला गेले, तर बाई दोन मुलींना रागावत होत्या. एका जागी एकीने अकरा रेघा लिहिल्या होत्या, दुसरीने बारा. बाई मला म्हणाल्या, "मोनिका, तू बघ. तुला काही कळत नाही, म्हणजे तू खरं सांगशील."

मी बघितलं. म्हटलं, "अकरा."

"मी स्वतः बारा मोजल्यात."

"बारावी रेघ न्हाय, बाई. ओरखडा हाय. रेघ खालपर्यंत जाते, ओरखडा वरच राहतो."

बाई मायक्रोस्कोपचं चाक खाली-वर फिरवून बघत राहिल्या. मग वहीत अकरा केलं. पुढच्या आठवड्यात मला खुर्ची मिळाली. जाळ्यात तुटलेला फासा शोधत माझं लहानपण गेलं होतं, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. मॅट्रिकच्या बायका महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग मला इंग्रजी किती येतं असं एकीने विचारलं. मी म्हटलं, तीन अक्षरं. काम तेवढ्यावर भागत होतं.

ती तीन अक्षरं अशी. जड कणाची रेघ जाडजूड असते आणि तिला दोन्ही बाजूंना केस असतात, सुरवंटासारखे. ती एच. मधल्या वजनाची ती एम. आणि हलक्या कणाची रेघ पुसट, केस तुरळक, ती एल. एच कोणालाही दिसते. मोठे पाहुणे आले की बाई त्यांना एच दाखवायच्या. एका पाहुण्यांनी स्वतःच्या पापणीचा केस बघून मान डोलावली होती आणि आम्हीही डोलावली. एल मात्र शोधावी लागते. तेलाचा थेंब टाकायचा, उजव्या हाताने प्लेट सरकवायची, डाव्या हाताने चाक फिरवत मसाल्याच्या तळापर्यंत जायचं. घाई करणाऱ्या बाईला एल दिसतच नाही.

आता कमळ. कमळ राई गावची, आमच्या उत्तनच्या बाजूचीच. तिचा नवरा मिठागरावर होता, मिठागर बंद झाल्यावर घरी बसला. दोन मुली शाळेत. कमळ सातवी झालेली, म्हणजे माझ्यापेक्षा तीन यत्ता पुढे, हे ती मला दर आठवड्याला एकदा सांगायची. खोलीत आमच्या बाजूच्या आम्ही दोघीच, म्हणून डबा बरोबर खायचो. माझ्या डब्यात मासळी असली की बाकीच्या बायका खिडकीकडे सरकायच्या आणि कमळ माझ्याकडे.

"बोंबील हाय?"

"सुका हाय."

"मग काय, माजी भाजी तू खा."

खोलीचा एक नियम होता, तो समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रत्येक प्लेट दोघींनी बघायची, वेगवेगळी. एकीने दुसरीची वही बघायची नाही, प्लेटबद्दल बोलायचं नाही. वह्या वेगळ्या कपाटांत आणि किल्ल्या सबनीसबाईंच्या कमरेला. पहिल्यांदा मला वाटलं, बाईंचा कोणावर विश्वास नाही. मग वेंकटसाहेबांनी समजावलं. ते तेव्हा डॉक्टर, म्हणजे पीएच.डी.चे, व्हायचे होते, मद्रासकडचे, पंचविशीचे. आमच्याशी हिंदी बोलायचे, तीही जेवढ्यास तेवढी.

त्यांनी फळ्यावर लिहिलं. समजा मोनिकाला ऐंशी रेघा सापडल्या, कमळला ऐंशी. त्यातल्या चौसष्ट दोघींच्या वहीत आहेत. म्हणजे मोनिकाच्या ऐंशीतल्या चौसष्ट कमळला दिसल्या. याचा अर्थ कमळला शंभरातल्या ऐंशी दिसतात. तिला सापडल्या ऐंशी, तर मुळात असणार शंभर. आता दोन्ही वह्या मिळून वेगवेगळ्या रेघा होतात शहाण्णव. राहिल्या चार. त्या चार कोणीच बघितल्या नाहीत, तरी त्या आहेत, हे आम्हाला कळतं.

"पण दोघींनी एकमेकींना सांगितलं तर?" मी विचारलं.

साहेब म्हणाले, "तो फिर वो चार मर गये."

एवढं स्पष्ट सांगितलं होतं. मला समजलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

कमळचं लहानपण मिठागरावर गेलं. मिठावरून उलटं येणारं ऊन डोळ्यांना लागतं. राई, मोरवा, त्या बाजूच्या बऱ्याच लोकांच्या डोळ्यांत वडस येतो, म्हणजे कोपऱ्यातून मांसाचा पापुद्रा बुबुळावर चढतो. कमळच्या दोन्ही डोळ्यांत तो आला. त्यात ती टेंपररी होती. एका मोठ्या फुग्याच्या प्लेटा नुकत्याच धुऊन झाल्या होत्या आणि त्या संपल्यावर बाई तिचा आकडा बघून तिला कायम करणार किंवा घरी पाठवणार होत्या. आकडा म्हणजे शंभरात किती दिसतात तो.

एक दिवस डबा खाताना ती म्हणाली, "मोनी, एच दिसतं. एम दिसतं. एल मना दिसत न्हाय गो."

"एकपन न्हाय?"

"दिसतं, पन निम्मी. आनि बाईंना काय सांगू नको."

डॉक्टरकडे जा म्हटलं, तर म्हणाली, कापलं की महिनाभर पट्टी, मग खुर्ची राहील काय.

माझ्या आईला लिहिता येत नव्हतं. मासळीच्या पाट्या मोजायला ती दोरा वापरायची. जेवढ्या पाट्या, तेवढ्या सरगाठी. पाटी विकली गेली की दोऱ्याचं टोक ओढायचं, गाठ सुटते. ज्या गाठी दोऱ्यावर राहिल्या, तेवढ्या पाट्या शिल्लक. कमळला हे माहीत होतं, तिने आईला भाईंदरच्या बाजारात बघितलं होतं.

प्लेटच्या वरच्या कडेजवळ एकच ओळ तपासायची असायची. त्या ओळीत छापलेली साठ घरं, म्हणजे चौकोन. मी जाळ्याचा दोरा घेतला. एक घर म्हणजे एक बोट. दर दहा बोटांना एक पक्की गाठ, न सुटणारी, आणि मधे जिथे एल रेघ असेल तिथे सरगाठ. माझी प्लेट बघून झाली की दोरा डब्याच्या झाकणात ठेवून कमळला द्यायचे. तोंडातून एक शब्द नाही. प्लेटबद्दल बोलायचं नाही हा नियम आम्ही पाळला, असं आम्ही एकमेकींना सांगायचो. हे सांगताना कमळ हसायची आणि मी हसायचे नाही.

त्या फुग्याच्या तेवीस प्लेटा आम्हा दोघींकडे होत्या. तेवीस दोरे दिले. काम झाल्यावर ती ते खाडीत टाकत असणार, असं मी धरून चालले होते. विचारलं नाही.

आकडा आला. एल रेघा शंभरात नव्याण्णव. खोलीत असा आकडा कोणाचाच नव्हता. सबनीसबाईंनी सगळ्यांसमोर वही वर धरली आणि म्हणाल्या, "चौथी आणि सातवी. बघा जरा." मॅट्रिकच्या बायकांनी बघितलं. कमळ कायम झाली. तीन महिन्यांनी तिने रजा घेऊन डोळे कापून घेतले, आणि नंतर तिला बरं दिसायला लागलं. पुढच्या कुठल्याही प्लेटला आम्ही दोरा वापरला नाही. आमचे आकडे खाली आले, तेव्हा बाई म्हणाल्या, वय होतंय तुमचं. आम्ही तिशीच्या होतो.

इथे गोष्ट संपली असती, तर मी तिखट-मीठ लावून कधीच सांगितली असती.

पण ते एल कण वेंकटसाहेबांच्या पुस्तकाचा गाभा होते, ज्यावर त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. हलके कण ताऱ्यात जवळजवळ तयार होत नाहीत. मधल्या वजनाचे कण वाटेत ताऱ्यांच्या मधल्या विरळ गॅसवर आपटतात, त्यांचे टवके उडतात, ते टवके म्हणजे एल. म्हणून एमच्या मानाने एल किती, हे मोजलं की कण केवढ्या गॅसमधून वाट काढून आला ते कळतं. साहेबांचा एलचा हिशोब कमी आला. दोऱ्यांमुळे कोणालाच न दिसलेल्या एल त्यात धरल्याच गेल्या नव्हत्या. बाहेरच्या देशांत ज्यांनी मोजलं होतं त्यांचा जास्त. साहेब डॉक्टर झाले, पण तो आकडा घेऊन जिथे जातील तिथे लोक म्हणायचे, तुमच्या बायकांना एल दिसल्या नसतील. साहेब टेबलावर थाप मारून सांगायचे, "मेरी लड़कियाँ सौ में निन्यानबे देखती हैं." हे त्यांनी आमच्यासमोरही एकदा सांगितलं, अभिमानाने. कमळ तेलाची बाटली पुसत बसली. मी चाक फिरवत बसले.

दोन वर्षं त्यांनी स्वतःचं सगळं गणित परत परत केलं. चूक सापडली नाही. आकडा मागे घ्या असं मोठ्या साहेबांनी सांगितलं, ते यांनी ऐकलं नाही. मग ते दक्षिणेत एका कॉलेजात शिकवायला निघून गेले. निरोपाला पेढे वाटले. मला म्हणाले, "मोनिका, आँखें सँभालना."

तेव्हा सांगितलं असतं तर कमळची नोकरी गेली असती आणि बहुतेक माझीही. सांगितलं नाही म्हणून त्यांचं काम गेलं. दोन्ही मला तेव्हाच दिसत होतं. कमळच्या मुली शिकल्या, एक नर्स झाली, एक बँकेत लागली. मी काय निवडलं ते मला माहीत आहे. परत तीच वेळ आली तर काय करीन ते मात्र सांगता येणार नाही.

मी रिटायर झाले त्याला खूप वर्षं झाली. प्लेटा बघणं त्याआधीच बंद पडलं होतं, आता आकाशात यंत्रं आहेत, ती स्वतःच मोजतात. गेल्या पावसाळ्यानंतर एक मुलगी पत्ता शोधत घरी आली. ऋजुता नाव. मीरा रोडला राहते, त्याच संस्थेत शिकतेय. आधी वाटलं सर्व्हेवाली आहे.

"आजी, तुम्ही मोनिकाबाई ना? प्लेट बघायच्या त्या?"

"कोणी सांगितलं?"

"संस्थेचं गोडाऊन रिकामं करताहेत. जुन्या प्लेटांना बुरशी लागलीय, त्या टाकणार आहेत. वह्या चांगल्या आहेत. तुमचं अक्षर फार सुंदर आहे."

"तीनच अक्षरं होती," मी म्हटलं.

तिला हसू आलं. खाली बसून चहा प्यायली. मी विचारलं, तू काय बघतेस. म्हणाली, गॅमा किरणं. कण गॅसवर आपटला की नुसते टवके उडत नाहीत, एक प्रकारचा उजेडही निघतो, डोळ्यांना न दिसणारा. आकाशगंगेत सगळीकडे गॅस आहे आणि सगळीकडे कण आहेत, त्यामुळे अख्खा पट्टा मंद उजळलेला असतो, कुठल्याही एका ताऱ्याचा नसलेला उजेड.

"धुक्यात दिवा लावल्यासारखा," मी म्हटलं.

"हो, फक्त दिवा दिसत नाही, धुकंच उजळलेलं दिसतं. मी बघतेय की जिथून कण निघतात, त्या जागेच्या आसपास हे धुकं जास्त उजळ का आहे. आधी सगळे धरून चालायचे की कण निघाला की निघाला, सगळा गॅस त्याला पुढच्या लांबच्या वाटेवर भेटतो. आता वाटतंय, तो आधी घराजवळच बराच वेळ घुटमळत असेल."

मी म्हटलं, "होडीच्या बुडाला शिंपले कुठे लागतात? खोल समुद्रात नाही लागत. बंदरात उभी असते तेव्हा लागतात. बुडाला शिंपले खूप आहेत म्हणून होडी लांब जाऊन आली असं कोणी कोळी म्हणणार नाही."

तिने वही काढली. "हे मी भाषणात सांगू?"

"सांग. माझं नाव घालू नको. गावात हसतील, हे इथे सगळ्यांना माहीत आहे."

मग ती ज्यासाठी आली होती ते बोलली. वेंकटसाहेब ऐंशीच्या पुढे गेलेत. प्लेटा टाकणार हे कळल्यावर त्यांनी संस्थेला पत्र लिहिलं. त्यांना त्या एका फुग्याच्या वह्यांचे फोटो हवे होते, ते हिने पाठवले. आता ते हिला दर आठवड्याला फोन करतात.

"सर म्हणतात, आकडा कमी का आला तेवढं एकदा कळलं पाहिजे. बाकी जगाला आता त्या आकड्याची गरज नाही, आजी. यंत्रांनी कितीतरी नेमकं मोजलंय. पण त्यांना हवंय. त्यांनी सगळं तपासलं, फक्त तुम्हा दोघींची नजर तपासली नाही. म्हणाले, तिथे शंका घ्यायला जागाच नव्हती. तरी एकदा विचारून ये, कशा बघायच्या."

मी तिला म्हटलं, "आठ दिवसांनी ये. इथे नको, राईला ये." आणि कमळचा पत्ता दिला.

दुसऱ्या दिवशी मी राईला गेले. कमळच्या दारासमोर आता सात मजली बिल्डिंग आहे, पण तिचं घर तेच. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"वेंकटसाहेब जिवंत हाय," मी म्हटलं.

"मग चांगला हाय की."

"त्यांना एलचा विचारायचा हाय."

तिने ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तू सांगनार?"

"तुला विचारायला आले. तू न्हाय म्हणालीस तर न्हाय. नाव तुजा जानार हाय."

"पेन्शन बंद करतील काय?"

"आता कोन बंद करतंय. बाई पन गेल्या."

"माज्या पोरींना काय सांगू? त्यांना ठाव हाय की आईचा आकडा नव्यान्नव. धाकटीनं तिच्या पोराला पन सांगितलाय."

"ते तू बघ," मी म्हटलं. मी तिची समजूत घालायला गेले नव्हते.

ती उठून आत गेली. मला वाटलं रागावली. ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवला. आत दोरे होते. प्रत्येक दोऱ्याला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर प्लेटचा नंबर, तिच्या सातवीच्या अक्षरात.

"तू टाकले न्हाय?"

"टाकनार व्हती."

मी एक दोरा उचलला. पक्क्या गाठी जागच्या जागी होत्या. सरगाठी मात्र मी मारल्या होत्या तेवढ्या नव्हत्या. निम्म्याच्या आसपास राहिल्या होत्या.

कमळ म्हणाली, "तू दोरा दिला तरी आदी मी माजी प्लेट बघायची. सगली. मग दोरा काडायची. जी रेघ मना आदीच दिसली, तिची गाठ सोडायची. जी न्हाय दिसली, ती बघून वहीत लिवायची, आनि गाठ तशीच ठेवायची. र्‍हायल्या त्या तुज्या."

"कशाला पन?"

"साहेबांना न्हाय कळला तरी चालल. मना कळाया पायजे व्हता, मी किती बघितला."

म्हणजे हिशोब सगळा शाबूत होता. तिच्या वहीतून राहिलेल्या गाठींच्या रेघा काढल्या की तिचे खरे डोळे उरत होते, वडस आलेले. इतकी वर्षं तो डबा राईत होता आणि मी उत्तनला.

ऋजुता आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. मग तिने डबा बघितला आणि विचारलं, हात लावू का. कमळ म्हणाली, "लाव की. सोडू नको फक्त."

फोन लावून तिने तो मोठ्या आवाजावर ठेवला. साहेबांचा आवाज बारीक झाला होता. मी हिंदीत सांगितलं, दोऱ्यापासून नव्याण्णवपर्यंत. मग कागद सरकवल्याचा आवाज आला.

"मोनिका. प्लेट एक. नंबर बोलो."

त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. का केलं, तेव्हा का सांगितलं नाही, काही नाही. मी दोरा बोटांवर मोजत गेले. "सात. अठरा. एकतीस. छप्पन." ते प्रत्येक आकडा परत म्हणायचे आणि पेन्सिलचा आवाज यायचा. मग म्हणायचे, "नेक्स्ट." ऋजुता चिठ्ठ्या लावून देत होती. कमळ माझ्या बोटांकडे बघत होती. एका ठिकाणी मी घर चुकले, तर ती म्हणाली, "चव्वेचाळीस न्हाय, पंचेचाळीस. नीट मोज." दुपार सगळी त्यात गेली. मधे साहेबांची बायको त्यांना जेवायला बोलवत होती, ते आम्हाला ऐकू येत होतं.

शेवटच्या चिठ्ठीचा दोरा काढला. पक्क्या गाठी पाच. सरगाठ एकही नाही. मी परत टोकापासून बोटं फिरवली.

"साहेब, इसमें कुछ नहीं है."

"शून्य बोलो," ते म्हणाले. "शून्य भी नंबर है."

"शून्य."

मग त्यांनी थांबा म्हणून सांगितलं. अर्धा तास आम्ही फोनसमोर बसलो. कमळने चहा केला. फोनमधून पेन्सिल ऐकू येत होती, आणि एकदा पंखा. शेवटी ते बोलले, आधी ऋजुताशी इंग्रजीत. तिने मान हलवत लिहून घेतलं आणि आम्हाला सांगितलं. कोणालाच न दिसलेल्या धरल्यावर एल वाढल्या, पण बाहेरच्या आकड्यापर्यंत पोचल्या नाहीत, साधारण अर्ध्या वाटेवर आल्या. फुग्याच्या वर थोडी हवा उरते, तिच्यावर आपटूनही एल तयार होतात, त्या वजा कराव्या लागतात. साहेबांनी ती हवा जास्त धरली होती आणि जास्त वजा केलं होतं. हे त्यांनी आत्ता बघितलं. तेव्हा तिथे बघायची गरज वाटली नव्हती.

साहेब हिंदीत म्हणाले, "आधा तुम्हारा, आधा मेरा."

मी म्हटलं, "हाँ, साहेब."

"कमल है वहाँ? उसकी आँख कैसी है?"

"बरी हाय," कमळ मराठीतच म्हणाली. "कापली तवापासून बरी हाय."

"अच्छा," म्हणाले. "मैं खाना खाता हूँ." आणि फोन ठेवला.

ऋजुताने विचारलं, हे दोरे वह्यांबरोबर ठेवायला संस्थेला द्याल का. कमळने एकेक दोरा मोजून तिच्या पिशवीत टाकला. बावीस झाल्यावर डबा बंद केला.

"आजी, एक राहिला," ऋजुता म्हणाली.

"ह्यो माजा," कमळ म्हणाली.

ऋजुताच्या मोबाइलमध्ये माझ्या वहीचे फोटो होते. त्या शून्याच्या दोऱ्याच्या प्लेटचं पान मी काढून बघितलं. माझ्या अक्षरात नऊ एल होत्या. नऊही कमळने स्वतः बघितल्या होत्या. तो दोरा मी उगाच दिला होता.